पेशींचे विभाजन आणि आपले बी-बेणे

संकरित कपाशीच्या उत्तम आलेल्या शेतातील सरकी राखून ठेवली आणि पुढील हंगामात पेरली, तर झाडे एकसारखी येत नाहीत. कोणी उंच वाढते, कोणी ठेंगणे राहते. एखाद्याला बोंडे भरपूर, तर शेजारच्याला चार-दोन. उलटपक्षी उसाच्या एका बेटातील कांड्या वर्षानुवर्षे लावीत गेले, तरी जात तीच राहते. हापूसच्या कोयीपासून वाढलेले झाड हापूसचेच फळ देईल असा भरवसा नसतो, म्हणून आपण त्याला रायवळात धरतो. हापूसचे कलम मात्र हापूसच राहते. या गोष्टी शेतकरी बांधवांना अनुभवाने ठाऊक आहेत. त्या तशा का घडतात, याचे उत्तर मात्र बियाण्याच्या पिशवीवर छापलेले नसते.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पेरणीपूर्वी दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, घरचे बी चालेल का?" यावर 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढेच उत्तर दिल्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. सोयाबीनचे चालते आणि कपाशीचे चालत नाही, हे ऐकून तर त्यास सांगणाऱ्याच्या हेतूविषयीच शंका येऊ लागते. या प्रश्नाचे खरे उत्तर वनस्पतीच्या शरीरातील पेशी कशा विभागतात, यात आहे. तो विषय थोडा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

पेशी आणि गुणसूत्रे

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांनाच आपण पेशी म्हणतो. नवी पेशी ही आधीच्या पेशीपासूनच होते, हे तत्त्व जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८५५ साली ठामपणे मांडले. शेतात उभे असलेले ज्वारीचे ताट हे बीजातील एका फलित पेशीचे, तिच्या मुलीनातींचे झालेले एक प्रचंड कुटुंब होय. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, असे वीस वेळा झाले की पेशींची संख्या दहा लाखांवर जाते.

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते व त्यात गुणसूत्रे असतात. पानाचा आकार, दाण्याचा रंग, रोगास दाद न देण्याचा गुण, या सर्वांचे लेखन या सूत्रांमधील डीएनए नावाच्या द्रव्यात साठविलेले असते. प्रत्येक पिकाची गुणसूत्रांची संख्या ठरलेली आहे. कांदा व हरभरा यांच्या पेशीत १६, ज्वारीत २०, तुरीत २२, भातात २४, गव्हात ४२, देशी कापसात २६ आणि अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे असतात. ही सूत्रे जोडीने नांदतात. प्रत्येक जोडीतील एक मातेकडून आलेले असते, दुसरे पित्याकडून. ही जोडीची गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

विभाजनाचे चक्र

पेशीचे दोन भाग होतात ते काही लाकूड चिरल्यासारखे नव्हे. नुसती पेशी चिरली, तर निम्मी गुणसूत्रे इकडे व निम्मी तिकडे जाऊन दोन्ही भाग अपुरे राहतील. म्हणून विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार व्हावी लागते.

ही नक्कल नेमकी केव्हा होते, याचा उलगडा इंग्लंडमध्ये अल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांनी १९५३ साली केला, तोही एका कडधान्याच्या मुळ्यांवर. त्यांनी फाबा या शेंगवर्गीय पिकाच्या मुळ्यांना किरणोत्सर्गी स्फुरद दिले. स्फुरद हा डीएनएचा घटक असल्याने, ज्या पेशीत नक्कल चालू असेल तिच्यातच ते नव्याने बसते. त्यावरून असे दिसून आले की, गुणसूत्रांची दुप्पट ही डोळ्यांना दिसणाऱ्या विभाजनाच्या वेळी होत नाही. त्यापूर्वीच, पेशी बाहेरून स्वस्थ दिसत असताना, ठराविक काही तासांत होते. त्या मुळ्यांमध्ये एका पेशीपासून दोन होण्याचे संपूर्ण चक्र सुमारे ३० तासांचे भरले आणि प्रत्यक्ष विभाजनास त्यातले अवघे चारेक तास लागले.

चक्राचा क्रम असा. नव्याने जन्मलेली पेशी प्रथम अन्नद्रव्ये घेऊन वाढते. मग गुणसूत्रांची नक्कल होते. त्यानंतर पुन्हा थोडा काळ वाढीचा व तयारीचा जातो. या तिन्ही टप्प्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यास विशेष काही दिसत नाही. चौथा टप्पा प्रत्यक्ष विभाजनाचा. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखडून जाड होतात व दिसू लागतात. मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध रांगेत येतात, आणि सूत कातण्याच्या चातीप्रमाणे मध्ये फुगीर व टोकांना निमुळती अशी तंतूंची एक जुडी तयार होते. पश्चावस्थेत हे तंतू प्रत्येक गुणसूत्र व त्याची नक्कल यांना वेगळे करून दोन टोकांकडे ओढून नेतात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांस नवी केंद्रके बनतात आणि मध्ये भिंत घातली जाऊन दोन पेशी वेगळ्या होतात. कांद्याच्या १६ गुणसूत्रांच्या पेशीपासून १६ गुणसूत्रांच्याच दोन पेशी, तंतोतंत मूळ पेशीसारख्या. यास सूत्री विभाजन म्हणतात. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात पेशी आपोआप जात नाही. मध्ये तपासणीचे नाके असतात. अन्न पुरेसे नसेल, ओल तुटली असेल किंवा डीएनएला इजा झाली असेल, तर पेशी नाक्यावरच थांबून राहते. हे नाके कोणत्या द्रव्यांच्या योगाने चालतात याच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट व नर्स या तिघा शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. नत्र व स्फुरद यांवाचून डीएनएची नक्कल होऊ शकत नाही, म्हणून रोपाच्या बालवयात स्फुरदाची उणीव पडली तर मुळ्या खुरटतात. कडक थंडीत चक्र मंदावते, म्हणून डिसेंबरातील पिके जागच्या जागी थांबल्यासारखी दिसतात. अशा वेळी वरखताचा जादा हप्ता देऊन फारसे काही साधत नाही.

वाढ कोठे होते

झाडाच्या सर्वच पेशी विभागत नाहीत. हे काम ठराविक जागीच चालते : मुळीच्या टोकाशी, शेंड्याच्या कोंबात, डोळ्यांत, आणि आंबा-संत्र्यासारख्या झाडांत सालीच्या लगत आत असलेल्या एका पातळ, ओलसर थरात. ज्वारी, ऊस व गवते यांत पेराच्या बुडाशीही विभाजन होत असते.

ज्वारीच्या कोवळ्या रोपात हा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. खोडमाशीची अळी आत शिरून नेमका तोच खाते. बाजूची पाने हिरवी राहतात व मधला पोंगा मात्र वाळून येतो; यालाच आपण पोंगेमर म्हणतो. एक इवलीशी अळी संपूर्ण ताट वाया घालवते, कारण तिने नवीन पेशी करणारी जागाच संपवलेली असते. नारळात तर असा कोंब झाडाला एकच. गेंड्या भुंग्याने शेंड्यात शिरून पाने कातरली तर झाड सावरते, परंतु त्याने कोंबच गाठला तर झाड जगत नाही. नारळाच्या खोडात सालीलगतचा विभागणारा थरही नसतो, म्हणून चढण्यासाठी घातलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात व नारळाचे कलम करता येत नाही.

आंब्याचे कोय कलम असो की संत्र्याचा डोळा भरणे असो, यश मिळते ते खुंट व काडी यांचे हे ओलसर थर एकमेकांना भिडले तर. दोहोंच्या पेशी विभागून मधली फट भरून काढतात. काडी खुंटाइतक्याच जाडीची घ्यावी, सुरी धारदार असावी, काप सुकू देऊ नये आणि पट्टी घट्ट बांधावी, असे माळी सांगतो त्याचे कारण हेच.

बेणे म्हणजे नक्कल

उसाच्या डोळ्यापासून फुटणारे रोप केवळ सूत्री विभाजनाने तयार होते. मूळ उसाच्या गुणसूत्रांची ती नक्कल असल्याने जात बदलत नाही. को ८६०३२ ही जात को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाली. महाराष्ट्रात १९९६ साली ती लागवडीस प्रसारित झाली. त्यानंतर लाखो एकरांवर ती पसरली ती बियांनी नव्हे, कांड्यांनी. केळीचेही तसेच. आपल्या खाण्यातील केळीत गुणसूत्रांचे ११ चे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तिघांची जोडी जुळत नाही, म्हणून बी धरत नाही आणि लागवड मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी करावी लागते. जळगावच्या बागांतील ग्रँड नैनची रोपे एकाच वेळी निसवतात, याचे मोठे कारण त्यांची ही एकसारखी घडण होय.

परंतु नक्कल करताना चांगल्याबरोबर वाईटही पुढे जाते. उसातील गवताळ वाढ हा रोग बेण्यातून पसरतो. केळीचे विषाणूजन्य रोग मुनव्यांतून नव्या बागेत जातात. पेशी निर्दोष विभागल्या तरी रोगाचे बीज त्यांच्यासोबत प्रवास करीत असते. म्हणून उसाचे बेणे खोडव्यातून न घेता, खास वाढविलेल्या बेणे मळ्यातील ९ ते ११ महिने वयाचे घ्यावे. ऊतिसंवर्धनात कोंबाचे अगदी टोक वापरतात, कारण त्या भागात विषाणू बहुधा कमीत कमी असतात. तरीसुद्धा मातृझाडाची विषाणू तपासणी झालेली आहे किंवा नाही, हे रोपे घेताना विचारणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

नक्कल करताना क्वचित लेखनात एखादी चूकही राहते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाच्या वेलींवर वेगळ्या दिसणाऱ्या फांद्या आढळल्या, त्या कोणाच्या तरी नजरेस पडल्या व त्यांची काडी लावली गेली. त्यातूनच तासगाव परिसरातील तास-ए-गणेश व सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील सोनाका या जाती पुढे आल्या. त्या प्रयोगशाळेत निघाल्या नाहीत, बागायतदारांच्या मळ्यात निघाल्या. बागेत हिंडताना डोळे उघडे ठेवणाऱ्याचे हे श्रेय आहे.

संत्र्याचे उदाहरण याहून मौजेचे. रंगपूर लिंबू किंवा जंबेरी यांचे एक बी पेरले, तर पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यांतील बहुतेक फलनाशिवाय, बीजाच्या आतील मातृपेशींच्या सूत्री विभाजनाने झालेली असतात व ती मातृझाडाची नक्कल असतात. एखादे मात्र फलनातून आलेले असते. ते सहसा वेगळे, बहुधा दुबळे दिसते. म्हणून खुंटाच्या वाफ्यातील अगदी लहान व वेगळ्या धाटणीची रोपे उपटून टाकावीत. उरलेल्या एकसारख्या रोपांवर नागपुरी संत्र्याचे डोळे भरल्यास बाग सारखी वाढते. उत्तम दिसणारे रोप टाकवत नाही, अशी तक्रार काही रोपवाटिकाधारक करतात. परंतु गर्दीतले भलतेच जोमदार रोपही वेगळेच समजावे.

बीज म्हणजे नवी वाटणी

आता कपाशीकडे वळू. परागकण व बीजांड तयार होताना होणारे विभाजन निराळे असते. त्यास अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. पराग व बीजांड एकत्र येऊन नवे बी होते. दोहोंत पूर्ण गुणसूत्रे असती, तर दर पिढीला संख्या दुप्पट झाली असती. म्हणून अमेरिकन कपाशीच्या परागकणात ५२ नव्हे, २६ गुणसूत्रे येतात, प्रत्येक जोडीतील एक. एका पेशीची दोन वेळा विभागणी होऊन चार पेशी बनतात, पण नक्कल मात्र एकदाच होते. जोडीतील कोणते सूत्र कोणत्या परागात जाईल, हे ठरलेले नसते. शिवाय वेगळे होण्यापूर्वी जोडीतील सूत्रे परस्परांशी आपले तुकडे बदलतात. पत्ते पिसावेत तसा हा प्रकार. तुकड्यांची अदलाबदल बाजूस ठेवली, तरी केवळ २६ जोड्यांच्या निवडीतून सहा कोटी ७१ लाखांवर निरनिराळे मेळ संभवतात.

संकरित वाणात एक संच एका पालकाचा व दुसरा अगदी भिन्न पालकाचा असतो. पहिल्या पिढीत सर्व झाडांत हे दोन्ही संच पूर्ण असतात, म्हणून शेत एकसारखे व जोमदार दिसते. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-४ हा १९७० सालचा वाण व्यापारी लागवडीतील पहिला संकरित कापूस. तेव्हापासून संकरित सरकी दरवर्षी नवी घ्यावी लागते. राखलेल्या सरकीत पत्ते पिसले गेलेले असतात. एकाच पालकाकडून आलेला व एकाच जागी बसलेला गुण घेतला, तर दुसऱ्या पिढीत चारांपैकी सुमारे एका झाडात तो मुळीच नसतो. बीटी कपाशीत बोंडअळीपासून संरक्षण देणारा जनुक एकाच पालकाकडून आलेला असल्यास त्याचीही हीच गत होते. शेतकऱ्यास वाटते की आपले सर्व शेत संरक्षित आहे, आणि मधूनमधून उघडी झाडे उभी असतात. बियाण्याचे पैसे वाचतात आणि फवारणीत त्याहून अधिक जातात.

सोयाबीन, गहू व हरभरा यांचे सुधारित वाण मात्र स्वतःच्याच परागाने फलित होतात. अनेक पिढ्या असे घडल्याने त्यांच्या जोडीतील दोन्ही सूत्रे जवळजवळ एकसारखी झालेली असतात. पत्ते पिसले तरी हाती तेच पान येते. म्हणून अशा सरळ वाणांचे घरचे बी चालते. सोयाबीनचे तर अवश्य राखावे. मात्र ते भेसळ नसलेल्या शेतातील असावे, मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, पोती रचून त्यांवर ओझे टाकू नये आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तरहून कमी दाणे उगवल्यास ते बी म्हणून वापरू नये. तुरीची गोष्ट मधली. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात व शेजारच्या वाणाचा पराग आणतात, म्हणून तुरीचे बी शेताच्या मध्यभागातून, वेगळ्या दिसणाऱ्या झाडांना वगळून राखावे.

पराग तयार होण्याचा हा काळ पिकास फार नाजूक असतो. ज्वारीचे कणीस पानाच्या पोटरीत असताना हे विभाजन चालू असते. बाहेरून पीक हिरवेगार दिसते. त्या वेळी ओल तुटली तर पराग वांझ राहतो, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी त्या जागी दाणा भरत नाही. रब्बी ज्वारीस ५० ते ५५ दिवसांनी, पोटरीच्या अवस्थेत पाणी द्यावे असे सांगतात ते म्हणूनच. उन्हाळी भाताची लोंबी पोटरीत असताना थंडीची लाट आली, तर पळींज वाढते तेही याच कारणाने.

विभाजन रोखणारी औषधे

कॉल्चिसिन हे विषारी द्रव्य आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असते. ते चातीसारखी तंतूंची जुडी बनू देत नाही. गुणसूत्रांची नक्कल होते, पण ती वेगळी होत नाहीत व पेशीत दुप्पट संख्या राहते. हे १९३७ साली ध्यानात आल्यावर पैदासकारांनी त्याचा उपयोग करून घेतला. कलिंगडाची २२ गुणसूत्रे ४४ करून, त्याचा पुन्हा साध्या कलिंगडाशी संकर केला की ३३ गुणसूत्रांचे, केळीप्रमाणे बिनबियांचे फळ मिळते. जपानमधील किहारा यांनी हे करून दाखविले.

शेतात वापरली जाणारी दोन औषधेही याच तंतूंवर काम करतात. पेंडीमेथॅलीन हे तणनाशक उगवणाऱ्या तणाच्या मुळीच्या टोकातील विभाजन थांबवते. वाढलेल्या तणावर ते जवळजवळ निरुपयोगी असते, म्हणून पेरणीनंतर व तण उगवण्यापूर्वी ओलसर जमिनीवरच फवारावे. पिकाचे बी उथळ पडले असल्यास त्याच्याही मुळ्यांना इजा होते. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतील तंतू रोखते. त्याचे काम एकाच ठिकाणी चालत असल्याने, त्या ठिकाणी बुरशीत लहानसा बदल झाला की औषध लागू पडेनासे होते. तेच औषध वारंवार फवारणे म्हणजे असा बदल झालेली बुरशी निवडून वाढविणे. द्राक्षावरील केवडा तर या औषधास मुळातच दाद देत नाही, तरीही त्यासाठी ते मारलेले आढळते.

प्रात्यक्षिक

ज्या कार्यकर्त्यांना शेतकरी प्रशिक्षण वर्गात हा विषय दाखवावयाचा असेल, त्यांनी जवळच्या विद्यालयातील किंवा कृषी विज्ञान केंद्रातील सूक्ष्मदर्शकाची सोय करावी. कांद्याच्या बुडाच्या वाळलेल्या मुळ्या खरवडून, बूड पाण्यास टेकेल असा कांदा पेल्यावर ठेवावा. तीन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. सकाळी त्यांची अर्धा सेंटिमीटर टोके कापून, तीन भाग अल्कोहोल व एक भाग अॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवावीत. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे कोमट करून, अॅसिटोकार्मिन रंगात घालून, काचपट्टीवर झाकणकाचेखाली हलकेच दाबावीत. आम्ले हाताळताना मुलांना दूर ठेवावे. बहुतेक पेशी स्वस्थ दिसतील. थोड्यांत गुणसूत्रे रांगेत किंवा दोन टोकांकडे निघालेली दिसतील. त्याच कांद्याच्या आतील पाकळीची पातळ त्वचा दुसऱ्या पट्टीवर ठेवून शेजारी दाखवावी. तीत पेशी मोठ्या व स्पष्ट दिसतात, पण विभागणारी एकही सापडत नाही.